धुक्यातला तलाव : छायाचित्र पाहावे कसे?

हिवाळा सुरू झाला की नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरल्यासारखे येते. अंबाझरी किंवा फुटाळा तलाव, पाण्यावर पांढुरके धुके, मधोमध एक डोंगा आणि डोंग्यात पाठमोरा मासेमार. खाली ओळ असते, शहराने धुक्याची दुलई पांघरली वगैरे. पुढे तेच छायाचित्र, किंवा त्याचे जुळे भावंड, दिनदर्शिकेवर येते, हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात येते, बँकेच्या भिंतीवर येते. पाहणारा 'वा!' म्हणतो आणि पुढे जातो.

असेच एक छायाचित्र मी कित्येक वर्षे वर्गात वापरत असे. दिनदर्शिकेचे पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. 'धुके म्हणजे जमिनीलगतचा ढग' हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि पुठ्ठा वर धरायचा, एवढाच त्याचा उपयोग. एका वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जमिनीलगतचा ढग म्हणता, पण चित्रात धुके फक्त पाण्यावर आहे. काठावरची झाडे तर स्वच्छ दिसतात. असे का?" मी उत्तर दिले, "पाण्यावर गारवा जास्त असतो म्हणून." हे उत्तर नुसते अपुरे नव्हते, ते नेमके उलटे होते. पण ते मला कळायला पुढे बरेच दिवस लागले.

तेव्हापासून धुक्यातल्या तलावांची छायाचित्रे मी जरा संशयाने पाहू लागलो. छायाचित्रणाच्या मासिकांत त्यांचे परीक्षण रचना, छायाप्रकाश, वातावरणनिर्मिती अशा अंगांनी होते. ते योग्यच आहे. पण आपण शिक्षक आहोत, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे : या छायाचित्रातले धुके कोणते, आणि ते तिथे काय करते आहे? माझे म्हणणे असे की हा प्रश्न विज्ञानाचा असला तरी चित्राच्या चांगले-वाईटपणाचा निवाडाही त्यातून बऱ्याच अंशी होतो.

धुकी तीन, ओळ एकच

आधी त्या मुलीचा प्रश्न सोडवू. डिसेंबरातल्या निरभ्र, शांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची हवा दवबिंदूच्या खाली गेली की बाष्पाचे थेंब होतात. हे जमिनीवरचे धुके. पाऊस होऊन गेला असेल किंवा शेतांना पाणी दिलेले असेल तर ते अधिक दाट. विदर्भातला शेतकरी त्याला धुवारी म्हणतो आणि तुरीचा बहर गळेल म्हणून धास्तावतो. हे धुके रानावर, रस्त्यावर, तलावावर सारखेच पसरते.

त्या मुलीच्या चित्रातले धुके याहून निराळे होते. पाणी जमिनीइतके लवकर थंड होत नाही. पहाटे काठावरची हवा १० अंश सेल्सिअस असताना तलावाचे पाणी २० अंशांच्या आसपास असू शकते. म्हणजे तलाव गार नव्हे, ऊबदार असतो! पाण्यालगतची उबदार, ओलसर हवा वरच्या थंड हवेत मिसळते आणि धुके तयार होते. थोडे गणित करून पाहा. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावते, १० अंशांना ९.४ ग्रॅम. या दोन्ही संपृक्त हवा सारख्या प्रमाणात मिसळल्या तर मिश्रणाचे तापमान साधारण १५ अंश होईल आणि त्यात बाष्प असेल सरासरीइतके, म्हणजे १३.३५ ग्रॅम. पण १५ अंशांना मावते फक्त १२.८ ग्रॅम. उरलेल्या अर्ध्या ग्रॅमचे थेंब होतात. चुलीवरच्या पातेल्यातून निघणारी 'वाफ' आणि थंडीत तोंडातून निघणारी 'वाफ' याच रीतीने दिसते. हवेचे प्रवाह मिसळून संघनन होते, ही कल्पना जेम्स हटन या भूवैज्ञानिकाने १७८४ मध्येच मांडली होती. पाऊस यानेच पडतो हे त्याचे म्हणणे टिकले नाही, पण पाण्यावरच्या धुक्याला ती कल्पना नेमकी लागू पडते.

तिसरा प्रकार धुके नव्हेच. तो धूर आहे. थंडीत जमिनीलगत थंड हवा आणि वर गरम हवा असा उलटा थर बसतो. मग शेकोट्या, जाळलेला कचरा, वाहने आणि कोळशाच्या भट्ट्या यांचा धूर वर न जाता शहरावर साचतो. धूर आणि धुके एकत्र आले की धुरके. त्यांचे नातेही जवळचे आहे. जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दोन काचपात्रांत वाफ सोडून दाखवले की साध्या हवेत दाट धुके होते, पण कापसातून गाळलेल्या, धूळरहित हवेत होत नाही. थेंबाला बसायला कण लागतो.

आता गंमत अशी की हे तिन्ही प्रकार छायाचित्रात ओळखता येतात. झाडांचे बुंधे पुसलेले, शेंडे स्वच्छ, काठ मोकळा आणि पाण्यावर उठणाऱ्या झिरमिळ्या असतील तर ते पाण्यावरचे धुके. काठ, झाडे, माणसे सगळेच अंतराप्रमाणे फिके होत गेले असेल तर जमिनीवरचे. धूर ओळखायचा रंगावरून. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे असल्याने सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे आणि त्यातून दिसणारा सूर्यही पांढरट, चांदीच्या रुपयासारखा. धुरातले बारीक कण निळा रंग अधिक विखुरतात, म्हणून काळोख्या झाडीपुढे धूर निळसर दिसतो. सूर्य चांगला वर आल्यावरही तांब्यासारखा दिसत असेल तर ओळीत 'धुके' लिहिले असले तरी खुशाल शंका घ्या.

पाठ्यपुस्तकातले प्रकाशाचे विकिरण ते हेच. ज्या रमणांनी १९२१ च्या समुद्रप्रवासानंतर समुद्राच्या निळाईचे कारण पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशात शोधले, ते १९१० च्या सुमारास अर्थखात्याच्या नोकरीत नागपुरात होते. त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र १९९२ पासून गांधीसागर तलावाशेजारीच उभे आहे. नागपूरच्या मुलांना विकिरण शिकवायला लांब जायला नको.

धुके अंतर दाखवते

धुक्यात पाणी किती असते, असे मुलांना विचारा. बादलीभर, पिंपभर अशी उत्तरे येतील. प्रत्यक्षात मध्यम धुक्यात एका घनमीटरला सुमारे ०.१ ग्रॅम पाणी असते. १५० घनमीटरची वर्गखोली धुक्याने भरली तर तिच्यात पंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे! एवढे पाणी सारा वर्ग कसा झाकते? ०.१ ग्रॅमचा एकच थेंब केला तर त्याचा व्यास सुमारे ५.८ मिलिमीटर होईल आणि तो पाव चौरस सेंटिमीटर जागा अडवील. त्याच पाण्याचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर ते होतात सुमारे १९ कोटी, आणि ते मिळून अडवतात दीडशे चौरस सेंटिमीटर.

अशा धुक्यात दूरच्या झाडाचा आकाशाशी असलेला उठाव ठराविक अंतराला निम्मा होतो. पुढच्या तितक्याच अंतराला निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव. हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये हा नियम मांडला. उठाव सुमारे दोन टक्क्यांवर आला की डोळ्यांना ती वस्तू दिसत नाही. पाच-सहा वेळा निम्मे केले की आपण तिथे पोचतो. वर सांगितलेल्या धुक्यात दर २३ मीटरला उठाव निम्मा होतो आणि साधारण १३० मीटरपलीकडचे दिसेनासे होते. एक किलोमीटरहून कमी अंतराचे दिसत असेल तरच हवामान खाते त्याला धुके म्हणते.

या नियमाचा चित्राशी संबंध फार जवळचा आहे. स्वच्छ उन्हातल्या छायाचित्रात जवळचे झाड आणि दूरचे झाड सारखेच गडद येते. कॅमेऱ्याला डोळा एकच, त्यामुळे खोली हरवते. धुके ती परत देते. जवळची लव्हाळी काळी, पलीकडची करडी, त्यापलीकडचा काठ जेमतेम ओळखू येणारा. पाहणाऱ्याचे मन फिकेपणावरून अंतर वाचते. म्हणजे चांगल्या छायाचित्रात धुके मोजपट्टीचे काम करते.

डॉक्टर एमर्सनची दलदल

हे ज्याने फार लवकर ओळखले तो पीटर हेन्री एमर्सन शिक्षणाने डॉक्टर होता. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यातली उथळ तळी, दलदली, तिथले वेत कापणारे आणि मासेमार यांची छायाचित्रे त्याने काढली. १८८६ मध्ये चित्रकार टी. एफ. गुडॉल याच्यासह त्यांचा संग्रह काढला. त्या काळी 'कलात्मक' छायाचित्र म्हणजे दोन-तीन काचा जोडून स्टुडिओत बनवलेला देखावा. एमर्सनला त्याची चीड होती. हेल्महोल्ट्झचे दृष्टीविषयीचे संशोधन त्याने वाचले होते. डोळा एका वेळी एकाच ठिकाणी नेमके पाहतो, बाकीचे किंचित मऊ दिसते, तेव्हा छायाचित्रही तसेच हवे, असे त्याने १८८९ च्या पुस्तकात हिरिरीने मांडले.

पुढे काय झाले ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी काचेवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटलेला काळेपणा यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. छायाचित्रकार समजतो तेवढे छटांचे स्वातंत्र्य त्याला नाही, ती रसायनाने बांधलेली आहेत, असा त्याचा अर्थ निघत होता. एमर्सनने आपलेच मत मागे घेतले आणि काळ्या चौकटीची, शोकपत्रासारखी पुस्तिका काढली. प्रयोग विरुद्ध गेला म्हणून स्वतःच्या गाजलेल्या सिद्धान्ताचे सुतक पाळणारे कलावंत फार थोडे!

तरी त्याने कॅमेरा टाकला नाही. १८९५ च्या 'मार्श लीव्हज' या शेवटच्या संग्रहातली सोळा चित्रे त्याची सर्वांत रिकामी आणि सर्वांत धूसर आहेत. पाण्याची एक पट्टी, चार वेत, पलीकडे किनाऱ्याची पुसट रेघ. पण या रिकामेपणात फसवणूक नाही. करड्याच्या एकामागून एक पायऱ्या स्पष्ट वेगळ्या आहेत, त्यामुळे डोळा चित्रात आत आत जातो.

दोषही सांगायला हवा. आधीच्या पुस्तकांतली कष्टकरी माणसे इथे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. दलदल निर्जन आणि अनादि वाटते. वास्तविक ती तळी निसर्गाने केलेली नव्हेतच. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खोदून केलेले ते खड्डे, मागाहून पाण्याने भरलेले. हे १९५० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी दाखवून दिले. एमर्सनला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. आपली गोष्ट वेगळी आहे. अंबाझरी हा माणसाने बांधलेला तलाव आहे, हे नागपुरात सर्वांना ठाऊक आहे.

आता आपली चित्रे

नागपूरच्या धुक्यातल्या तलावांची छायाचित्रे मला साधारण तीन जातींची दिसतात.

पहिली जात डोंग्याची. डोंगा, मासेमार, सूर्याचे बिंब. सूर्यासमोर कॅमेरा धरण्याला कारण आहे. थेंब प्रकाश बहुतेक पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्याकडे पाहताना धुके उजळते आणि आकृत्या काळ्या होतात. परिणाम हमखास साधतो. दोष त्या हमखासपणातच आहे. काळी आकृती, पांढरी पार्श्वभूमी, मध्ये पायरीच नाही. मासेमार कोणते जाळे टाकतो आहे, त्याचे वय काय, काहीच कळत नाही. धुके येथे नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगलेले असते.

दुसरी जात घडवलेल्या धुक्याची. पूर्वी निळी काच लावून थंडी दाखवीत. आता संगणकावर धुके वाढवता येते, पुसता येते, नसलेले आणता येते. निळी छटा दिली की धूर की धुके हे ओळखण्याची खूणच नाहीशी होते. खोटे धुके बहुधा सगळीकडे सारखे फासलेले असते, पन्नास मीटरवरचे झाड आणि दोनशे मीटरवरचे झाड सारखेच फिके. वरचा निम्म्याचा नियम लावून पाहा, सोंग उघडे पडते. येथे माझा आक्षेप सोवळेपणाचा नाही. कवीने कल्पना करावी, चित्रकारानेही करावी. पण ओळीत 'अंबाझरी, पहाट' असे लिहिले की ती साक्ष होते.

तिसरी जात क्वचित दिसते, आणि मला तीच मोलाची वाटते. बांधावर उभे राहून काढलेले साधे छायाचित्र. पुढे बांधाचे दगड, ओले आणि गडद. दहा पावलांवर मफलर गुंडाळलेले गृहस्थ, त्यांच्यापुढे दोन बायका जरा फिक्या, आणखी पुढे कोणीतरी, नुसता करडा ठिपका. डावीउजवीकडे पाणी आहे की रस्ता, हेही कळते. छायाचित्रकाराने प्रकाश मोजण्यातही चूक केलेली नसते. प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करडे समजतो, त्यावर विसंबले तर पांढरे धुके मळकट येते. एक पायरी जास्त प्रकाश द्यावा लागतो. या चित्रात 'वा!' म्हणण्याजोगे काही नाही. पण त्यात किती वाजले असतील, दृश्यता किती होती, वारा होता की नव्हता, हे सारे विचारता येते, आणि विचारावेसे वाटते. शिवाय ती माणसे धुक्यात सजावट म्हणून उभी केलेली नाहीत, ती कुठेतरी निघाली आहेत.

अंबाझरीचा बांध तलावाच्या पूर्वेला आहे. पहाटे बांधावरून पाण्याकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो. बिंबाच्या शोधात असलेले छायाचित्रकार म्हणून तिथे थांबत नाहीत. पण धुके पाण्यावर असेल आणि मागून ऊन आले तर समोर इंद्रधनुष्याच्या आकाराची पांढरी कमान दिसण्याचा संभव असतो. थेंब इतके लहान की रंग एकमेकांत मिसळून पांढरे होतात. कोणी ती टिपली तर शंभर डोंग्यांपेक्षा ते छायाचित्र मला हवे आहे.

झाकले काय जाते?

अंबाझरी भोसल्यांच्या काळातला तलाव. १८७० च्या सुमारास बांध वाढवून त्याचे पाणी शहराला देण्यात आले. आता ते पिण्यासाठी घेत नाहीत. गेल्या काही वर्षांत जलपर्णीने त्याचा मोठा भाग व्यापलेला लोकांनी पाहिला. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. त्यानंतरच्या हिवाळ्यातही धुक्याची तीच ओळखीची छायाचित्रे निघाली असणार. त्यांत सांडवा नसतो, वस्ती नसते, जलपर्णी नसते. धुक्याने सगळे पुसून स्वच्छ केलेले असते.

म्हणून छायाचित्रकारांनी चिखलच दाखवावा असे मी म्हणत नाही. सौंदर्य खरेच तिथे आहे, आणि पहाटे पाच वाजता उठून ते टिपणाऱ्याचे आभार मानायला हवेत. पण ज्या शहराला आपला तलाव फक्त दुलईत ठाऊक आहे, त्याला तलाव किती भरला, पाणी कुठून येते, कुठे जाते, हे प्रश्न पडत नाहीत. धुके निवडताना आपण काय झाकायचे तेही निवडत असतो. चांगला छायाचित्रकार ही निवड जाणून करतो.

वर्गात काय करता येईल?

वर्तमानपत्रांतली धुक्याची पाच-सहा छायाचित्रे जमवा. मुलांना आधी ओळी वाचू देऊ नका. धुके पाण्यावरचे, जमिनीवरचे की धुराचे, हे पुराव्यासह ठरवू द्या. मग ओळ वाचा आणि ती खरी की खोटी ते ठरवा. काचेच्या बरणीत थोडे कोमट पाणी घेऊन वर बर्फाची ताटली ठेवा. उदबत्तीचा धूर न सोडता आणि सोडून, असा दोनदा प्रयोग करा. एटकेनचे म्हणणे मुलांना डोळ्यांनी दिसेल. जवळ तलाव असेल तर थंडीच्या एका पहाटे पालकांसह जा. हवेचे आणि काठाच्या पाण्याचे तापमान घ्या. जलपर्णी असलेल्या आणि नसलेल्या भागांवर धुके सारखेच उठते का, तेही पाहून नोंदवा. याचे उत्तर मी मुद्दामच देत नाही.

माझा तो पुठ्ठा अजून कपाटात आहे. हल्ली मी तो वर धरतो आणि काहीच सांगत नाही. फक्त विचारतो, "काठावरची झाडे स्वच्छ का दिसतात?" ज्या मुलीने हे मला पहिल्यांदा विचारले तिला मी चुकीचे उत्तर दिले होते. ती आता मोठी झाली असेल. हा अंक तिच्या हाती पडला तर तिने वाचावे : पाणी गार नव्हते, ऊबदार होते.